दादाचा पडलेला पाठ

दादाला सोबत म्हणून मला बी.एड.ला घातलं. पुढं मी शिक्षणशास्त्राची प्राध्यापक झाले, शिक्षक घडवण्यात आणि अपंगत्वाच्या अभ्यासात सगळी नोकरी गेली, तेव्हा सत्काराच्या भाषणांत लोक म्हणायचे, की बाईंना या कामाची लहानपणापासूनच ओढ होती. मला कसलीही ओढ नव्हती. मला लातूरला राहून शिवणाचा क्लास लावायचा होता आणि संध्याकाळी मैत्रिणींबरोबर गंजगोलाईच्या बाजारात हिंडायचं होतं. पण वसंताला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, नांदेडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तो तिथं एकटा कसा राहणार, त्याला पुस्तकं कोण वाचून दाखवणार, असा विषय जेवताना निघाला आणि पानावरून माना वर करून सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. दादा लहानपणी गोवरात आंधळा झाला. मधली काही वर्षं त्याची शाळेविना गेली, मग दूरच्या अंधशाळेत तो शिकला, आणि अशा रीतीनं आम्ही दोघं बी.ए.ला एकाच वर्गात येऊन पोचलो. तेव्हाही मी वाचायची आणि तो ऐकायचा. त्याला माझ्याहून जास्त मार्क पडायचे, याचा मला राग यायचा, पण घरात तो कोणाला सांगायची सोय नव्हती.

दादा म्हटल्यावर सोशिक, गुणी, हसतमुख असा कोणी डोळ्यांपुढं येत असेल तर तो आधी पुसून टाकावा. तो हट्टी होता. खाण्यात अतिशय चोखंदळ. भाकरी पातळ झाली की हातात घेऊनच तोंड वाकडं करायचा. वाद घालायला बसला की समोरचा दमून उठून जाईपर्यंत सोडायचा नाही. आणि पाहुण्यांपैकी कोणी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून “बिचारा” म्हटलं, की तो मुद्दाम त्यांच्या चपला अंगणात दुसरीकडं सरकवून ठेवायचा. आप्पा, आमचे वडील, एका डाळमिलवर मुनीम होते. मिलच्या तुसाचा वास त्यांच्या सदऱ्याला कायम असायचा आणि दिवसभर मशिनच्या आवाजात काम केल्यामुळं ते घरीही मोठ्यानं बोलायचे. दादाशी मात्र हळू बोलायचे. दादाला ते आवडत नसे. “आप्पा, माझे कान शाबूत हायत,” असं तो म्हणायचा, आणि तरीही आप्पा हळूच बोलायचे.

नांदेडला आम्ही कुसुममावशीकडं राहिलो. वजिराबादेत तिचं दोन खोल्यांचं घर, पुढं फरशीचं अंगण, अंगणात तुळस आणि एक कायम गळणारा नळ. काका एसटीच्या कार्यालयात होते. ते फार बोलत नसत; रेडिओ लावला की त्यांचं बोलणं झालं असं समजायचं. पहाटे गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनाचा सूर हवेवरून येई, मग गिरणीचा भोंगा, मग मावशीच्या कांकणांचा आवाज. मावशीला मूल नव्हतं, पण तिचं सगळं घर खाऊ घालण्यासाठीच बांधलेलं होतं. येसराची आमटी, धपाटे, अंबाडीची भाजी, आणि दुपारच्या वेळी भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा तो आपल्याकडचा सुशीला, वरून शेंगदाणे आणि लिंबू. मी मानसशास्त्राचं पुस्तक उघडून दादाला वाचून दाखवू लागले, की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, “मंगे, काय सकाळपासून वाचून राहिली तू? घशाला कोरड पडंल. त्या पोराचं डोकं फुटंल. खा आधी.” दादा जाड कागदावर टोचणीनं ब्रेल टोचत बसलेला असायचा. तो टक् टक् आवाज त्या घराला इतका सवयीचा झाला, की दादा एखाद्या दिवशी आजारी पडला तर काकासुद्धा विचारायचे, “आज शांत कसं काय?”

कॉलेजात पहिले काही महिने नुसती व्याख्यानं झाली, ती दादाला पाण्यासारखी सोपी गेली. मग सराव पाठ सुरू झाले. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना खऱ्या शाळेतल्या खऱ्या मुलांपुढं उभं करतात, मागच्या बाकावर आपले प्राध्यापक आणि आपल्यासारखेच चार-पाच जण निरीक्षण करत बसतात, आणि तास संपला की सगळ्यांसमोर चुका सांगतात. आमचे पाठ मुखेडकर सरांकडं होते. उंच, सडपातळ, पांढरा सदरा, खडूची भुकटी बोटांना कायम. चांगले होते, पण चुका सांगताना कोणाची भीड ठेवत नसत. माझा पहिला पाठ जवळच्या एका शाळेत, सातवीच्या वर्गावर झाला. माझं अक्षर सुंदर, म्हणून मी फळा भरून काढला. तास संपल्यावर सर म्हणाले, “बाई, तुम्ही फळ्याला उत्तम शिकवलंत. मुलं तुमच्या मागं होती, हे कोणी तुम्हाला सांगितलं नाही वाटतं. पाठ पडला. पुन्हा घ्या.” मी तिथंच, सगळ्यांसमोर रडले. रिक्षात रडले. मावशीच्या पदरात रडले. दादा तेवढा वेळ धपाटे खात होता, आणि शेवटी म्हणाला, “खरंच फळ्याकडं तोंड करून बोलत होतीस का गं?”

पुढच्याच आठवड्यात त्याची पाळी आली. त्याच शाळेत, त्याच सातवीच्या वर्गावर. विषय भूगोलाचा, कापूस ते कापड. सरांनी ठरवलं, की वसंता बोलेल आणि मंगल फळ्यावर लिहील. आम्ही घरी पुष्कळ तयारी केली. दादाचा आवाज चांगला होता आणि त्याला सगळं तोंडपाठ होतं. वर्गात गेल्यावर मी त्याला टेबलाशी उभं केलं, खडू घेतला आणि त्याच्या एकेका वाक्याला फळ्यावर एकेक शब्द लिहीत गेले. काळी जमीन, पेरणी, वेचणी. पहिली काही मिनिटं वर्ग इतका शांत होता, की मला वाटलं, जिंकलो. मग ती शांतता जरा जास्तच वाटू लागली. एकदा बाक सरकल्यासारखा आवाज आला. मी वळले नाही, कारण दादाचं पुढचं वाक्य सुरू झालं होतं. त्याला दिसत नव्हतं आणि माझी वर्गाकडं पाठ होती.

शेवटी प्रश्नांची वेळ आली. दादा म्हणाला, “डाव्या बाजूच्या शेवटच्या बाकावरच्या मुलानं सांगावं, सरकी कशाला म्हणतात?”

कोणी बोललं नाही.

“बरं, त्याच्या पुढच्या बाकावरच्यानं.”

तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. रुक्मिणी तिचं नाव, ते आम्हाला नंतर कळलं. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. ती म्हणाली, “सर, तिथं कोणी न्हाई. त्या बाजूला कोणीच न्हाई. समदे खिडकीतून गेले.”

मग जे कोण उरले होते ते इतके मोठ्यानं हसले, की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी वळून पाहिलं. खिडकीकडची सगळी बाकं रिकामी होती आणि बाहेर मैदानावर आमचाच वर्ग लंगडी खेळत होता. मागच्या बाकावर मुखेडकर सर मान खाली घालून बसले होते. दादाचा हात टेबलाची कड चाचपत होता. घंटा झाली.

माझी अपेक्षा होती, की आता सर सगळ्यांसमोर आमची सालटी काढतील. त्यांनी तसं काही केलं नाही. बाकीच्यांना जायला सांगितलं, दादाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला शिक्षकांच्या खोलीत नेलं, चहा मागवला, आणि म्हणाले, “वसंतराव, छान प्रयत्न. तुमची हिंमत मोठी आहे.” दादानं चहा प्यायला. घरी आल्यावर अंगणात पाय धुताना त्यानं मला विचारलं,

“पोरं जाताना सरांना दिसत होती?”

“दिसत असतील. ते मागंच तर बसले होते.”

“आणि काही बोलले नाहीत?”

“नाही.”

तो बराच वेळ नळाखाली पाय धरून उभा राहिला. मग म्हणाला, “तुला रडवलं आणि मला चहा पाजला.”

मला तेव्हा हे नीट कळलं नाही. खरं तर मला हायसं वाटलं होतं. निवृत्तीनंतरही मी अधूनमधून शिकवायला जाते, तिथं माझ्या वर्गात माहूरच्या, देगलूरच्या, खेड्यापाड्यांतल्या मुली बसतात, शिक्षक व्हायला आलेल्या. अपंग विद्यार्थी वर्गात असला तर तुम्ही काय कराल, असं विचारलं की बहुतेक जणी पहिला शब्द लिहितात, सहानुभूती. मी त्यांना रागावत नाही. त्या वयात मीही तेच लिहिलं असतं. मी फक्त विचारते, की तो चुकला तर तुम्ही त्याला सांगाल का?

दोन-तीन दिवसांनी सरांचा निरोप आला, की वसंतरावांचे राहिलेले पाठ माफ करायचं कॉलेजनं ठरवलं आहे. लेखी परीक्षा तेवढी द्यावी, पाठांचे मार्क सरासरीनं धरले जातील. आप्पांना कळवल्यावर ते दुसऱ्याच दिवशी लातूरहून एसटीनं आले, सरांना द्यायला पेढे घेऊन. मावशीनं देवापुढं साखर ठेवली. मला तर सुटल्यासारखंच झालं होतं, कारण त्याच्या प्रत्येक पाठाला फळ्याशी मलाच उभं राहावं लागणार होतं. एकटा दादा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेला. मावशीनं त्याच्या आवडीचे उकडशेंगोळे केले, तरी तो उठला नाही.

“कामून असा करून राहिला रे?” मावशी त्याच्या उशाशी बसून म्हणाली. “चांगलं झालं ना. कटकट मिटली.”

“मावशी, पाठ न देता मास्तर झालो तर मी कसला मास्तर?”

“कागद तर मिळंल!”

“कागद मला वाचता बी येत न्हाई,” दादा म्हणाला. मावशीला हसावं का रडावं कळेना. पण तो हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सरांच्या खोलीत गेलो. आप्पांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि हात जोडून आभाराचं बोलायला सुरुवात केली, तर दादा मध्येच म्हणाला, “सर, एक विचारू? माझा पाठ पडला का नाही?”

सर म्हणाले, “अहो, आता तो विषयच नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

“पण पडला का?”

“वसंता!” आप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

सरांनी पेढ्यांचा पुडा बाजूला सरकवला. मग म्हणाले, “पडला. अर्धा वर्ग निघून गेला, त्याला दुसरं काय म्हणणार?”

“मंगलचा पडला तेव्हा तुम्ही तिला काय म्हणालात?”

“पुन्हा घ्या म्हणालो.”

“मग मलाही तेच म्हणा, सर. तिला एक न्याय आणि मला चहा, असं नको.”

आप्पांचा चेहरा उतरला. इतक्या मोठ्या माणसानं उपकार करावा आणि पोरानं तो असा परत करावा, हे त्यांना सोसेना. ते सरांची माफी मागू लागले. पण सर त्यांच्याकडं पाहतच नव्हते. ते दादाकडं पाहत होते. म्हणाले, “शाळेच्या मुख्याध्यापक बाईंना काय सांगू? पुन्हा मुलं पळाली तर? एखादं खिडकीतून पडलं, तर जिम्मेदारी कोणाची?”

“पळणार नाहीत अशी हमी मी देत नाही,” दादा म्हणाला. “मंगलचीही पळाली असती. त्या दिवशी खिडक्या बंद होत्या म्हणून राहिली.”

मला भयंकर राग आला. सर मात्र हसले, अगदी मोकळं हसले, आणि म्हणाले, “घ्या मग. तोच पाठ, तोच वर्ग. मी शाळेच्या बाईंशी बोलतो.” उठता उठता दादा म्हणाला, “आणि सर, मंगल वर्गात नको.” तो दिवस मला चांगला आठवतो, कारण कॉलेजपासून घरापर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. फक्त त्याच्या हाताखाली माझा कोपर होता, तेवढाच.

त्यानंतर तो रोज मधल्या सुट्टीत त्या शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसू लागला. मी त्याला सोडायची आणि जरा लांब थांबायची. पहिल्या दिवशी पोरं त्याला बघून लाजून पळाली. दुसऱ्या दिवशी रुक्मिणी आली. दादानं तिला सरळच विचारलं, “त्या दिवशी सगळे कामून पळाले गं?”

ती म्हणाली, “सर, तुमी आमच्याकडं बोलतच नव्हते. भिंतीकडं तोंड करून बोलत होते. अन् त्या ताई फळ्याकडं. मग आमच्याकडं कोण व्हतं?”

दादा हे ऐकून एवढा खूश झाला, की मला वाटलं, याला उन्हानं काहीतरी झालं. हळूहळू पोरं जमू लागली. ती आपली नावं सांगायची, मग आवाज बदलून दुसऱ्याचं नाव सांगून त्याला फसवायची. तो पुष्कळ वेळा फसायचा. आंधळ्यांना आवाजावरून सगळं कळतं म्हणतात. दादाला तसं काही कळत नसे, त्यालाही घोकावंच लागे. कोणाच्या घरी कापूस आहे, कोणाचा बाप कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलवर जातो, कोणाची आई वाती वळून विकते, हे सगळं त्या व्हरांड्यात निघालं. घरी मावशीही वाती वळायची. तिच्या शेजारी बसून तो कापसातून सरकी सोडवायला आणि कापसाच्या पेळूतून धागा ओढायला शिकला. त्याचा धागा फार वेळा तुटायचा आणि मावशी म्हणायची, “हाव, असंच. हळू ओढ. घाई झाली की तुटतंय ते.”

पाठाच्या दिवशी मी वर्गाबाहेर, खिडकीशी उभी होते. आत सर, निरीक्षणाला आलेले आमचे सोबती आणि तो सातवीचा वर्ग. दादानं आधी सगळी बाकं भिंतीकडं सरकवायला लावली आणि मुलांना खाली गोलात बसवलं. मग पिशवीतला सरकीसकट कापूस वाटला आणि स्वतः गोलाच्या मधे खाली बसला. “बोलायच्या आधी नाव सांगायचं,” तो म्हणाला, “न्हाईतर मी दुसऱ्यालाच शाबासकी देईन.” मुलं सरकी सोडवू लागली. जिनिंगवर जाणाऱ्या माणसाच्या मुलानं मशिन कसं फिरतं ते उठून दाखवलं. दादाला ते दिसलं नाही, म्हणून रुक्मिणीनं ते त्याला सांगितलं, ते इतर मुलांना पटलं नाही, आणि त्यावर वाद झाला. ज्याला जो शब्द महत्त्वाचा वाटला तो त्यानं फळ्यावर जाऊन लिहायचा. एकानं ‘सरकी’चा ऱ्हस्व-दीर्घ चुकवला आणि चौघांनी मिळून खोडला. खिडक्या सताड उघड्या होत्या. कोणी गेलं नाही, असं मी म्हणणार नाही. एक जण गेला, पण तो कापूस नाकात जाऊन शिंकत होता म्हणून, आणि तोंड धुऊन तो परत आला.

घंटा झाली तरी दादाचं चालूच होतं. दुसरी घंटा झाली. शेजारच्या बाई पुन्हा दारात आल्या. वर्गभर कापूस उडत होता, पंख्याच्या पात्यांवर बसला होता, सरांच्या पांढऱ्या सदऱ्याला चिकटला होता. मुलं गेल्यावर सर उठले.

“वसंतराव,” सर म्हणाले, सगळ्यांसमोर, मोठ्यानं, “हा वर्ग आहे का जिनिंग? वेळेचं भान नाही. आवाज चढतो तुमचा, शेजारचा वर्ग बंद पडला. कापड तर राहूनच गेलं. कापसातच तास संपला. उजवीकडच्या दोन मुली अख्ख्या तासात बोलल्या नाहीत, त्यांना तुम्ही विचारलं नाही. पाठ पास आहे, पण जेमतेम. पुढचा पाठ सोमवारी. तयारी करून या. आणि हा कापूस झाडून मगच घरी जायचं.”

दादा खाली मान घालून ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मला खिडकीशी उभं राहवेना. मी आत गेले. आम्ही दोघांनी मिळून वर्ग झाडला. त्या दिवशी झाडताना मला पहिल्यांदा वाटलं, की हे काम आपल्यालाही करायचं आहे, सोबत म्हणून नाही.

पुढं दादा लातूरजवळच्या मुरुडच्या एका शाळेत लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच शिकवत राहिला. त्याचेही पाठ अधूनमधून पडत. आता तो लातूरला असतो, बोलणारा फोन कानाला लावून, इतक्या भरभर वाचन ऐकतो की मला त्यातलं अक्षरही कळत नाही. हे प्रकरण त्याला ऐकवलं, तर तो म्हणाला, “मी काही एवढा शूर नव्हतो. मला नुसता राग आला होता. तसंच लिही.” तसंच लिहिलं आहे.

त्या संध्याकाळी आम्ही घरी पोचलो तेव्हा आमच्या डोक्यात, कपड्यांत कापूस होता. मावशी दारातच उभी. “काय झालं रे? काय म्हणाले सर?”

“मावशी,” दादा उंबरा ओलांडता ओलांडता म्हणाला, “लई शिव्या खाल्ल्या आज. सगळ्यांसमोर!”

मावशीचा चेहरा एकदम बदलला. तिनं हातातलं लाटणं तसंच धरलं. “माझ्या पोराला? आंधळ्या पोराला सगळ्यांसमोर बोलला तो? थांब, उद्या मीच येते. बघते त्या सराकडं.”

“नको, मावशी, नको,” दादा घाईघाईनं तिचा हात शोधत म्हणाला. “सोमवारी परत खायच्यात.”